यादीबाहेरचा पॅसेंजर

मंगळवार, ४ मार्च

सगळं बदललं ते आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. गेस्ट हाऊसच्या काउंटरमागेच घड्याळ आहे, त्यामुळे वेळ पक्की. पॅसेंजरच्या दोन बॅगा आत ठेवल्या, रजिस्टरमध्ये सही केली आणि वळलो, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "परत कधी येणार?"

मी म्हणालो, "गुरुवारी." आवाज असा फाटला की पॅसेंजरनेही वळून बघितलं.

म्हणून ही वही. कॉलेजची प्रॅक्टिकलची आहे, पहिली अकरा पानं भरलेली, बाकी कोरी. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी लॅब असिस्टंटच्या कानाखाली जाळ काढला आणि घरी निघून आलो. सगळ्यांसमोर त्याने मला बिनकामाचा म्हटलं होतं. माफीचं पत्र लिहून दे, परत घेतो, असं प्राचार्य म्हणत होते. मी नाही दिलं. आई फोनवर अजून रडते. शेवटी मामाने मला आपल्या घरी आणलं आणि गाडी हातात दिली.

मामाच्या तीन गाड्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्हींच्या मागच्या काचेवर निळा मासा. विमानतळावर माणूस उचलायचा, तीन तासांवरच्या समुद्राकाठच्या गावात सोडायचा, एवढंच काम. एक गाडी मामा चालवतो, एक तात्या, एक मी. तात्या आमचे नात्यातले कोणी नाहीत, पण मामाकडे अठरा वर्षं आहेत आणि मला घाट त्यांनीच शिकवला. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पॅसेंजर बोलल्याशिवाय बोलायचं नाही. आरशात मागची गाडी बघायची, मागचा माणूस नाही."

आज सकाळी गाडी पुसता पुसता त्यांनी परत यादीचं पुराण लावलं. दोन वर्षांपूर्वी विमानतळाच्या टॅक्सी स्टँडवाल्यांशी आपली मारामारी झाली, दोघांचे दात गेले, एकाचा पाय कायमचा वाकडा झाला. मग तात्या एकटे स्टँडच्या अध्यक्षाकडे जाऊन बसले आणि शब्द देऊन आले. रोज सकाळी आपल्या बुकिंगची यादी त्यांच्या हातात द्यायची. यादीतल्या माणसासाठी आपण पाटी धरून उभं राहायचं, ते आपल्याला हात लावणार नाहीत. यादीबाहेरचा एकही माणूस आपल्या गाडीत बसणार नाही. तेव्हापासून रोज यादी तात्याच नेऊन देतात.

"बायको म्हणते, लग्नातसुद्धा इतक्या नेमाने हार घेऊन आला नव्हतात," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मी ऐकत नव्हतो. गुरुवारला दोन दिवस आहेत.

गुरुवार, ६ मार्च

पॅसेंजर आला नाही.

पाटीवर त्याचं नाव लिहून दीड तास उभा राहिलो. मग मामाचा फोन आला, त्याची फ्लाइट चुकली, संध्याकाळच्या विमानाने येतोय, तू तिथेच थांब. संध्याकाळी निघालो तर पोचायला साडेआठ. ती सहाला जाते. आणि मी गुरुवार सांगितलेला.

डोकं फिरलं. खांबाला लाथ मारली, अंगठ्याचं नख काळं पडलं.

तेवढ्यात एक बाई दिसली. पाय सुजलेले, सुटकेस तिच्यापेक्षा मोठी. स्टँडचा एक लाल टोपीवाला तिच्याशी बोलत होता. "इथेच थांबा, गाडी पुढे आणतो," म्हणून तो गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही समुद्राकडच्या गावाला जाता का हो?"

मी खांबाआड गेलो. तळहाताने पाटीवरचं नाव पुसलं. बाईंचं नाव विचारलं, लिहिलं आणि पाटी छातीशी धरून समोर उभा राहिलो. पाटीवर नाव आहे म्हणजे बुकिंग आहे. हे सगळं दोन मिनिटांत. लाल टोपीवाला परत आला तेव्हा मी गेटबाहेर वळत होतो. त्याला माझा मासा तेवढा दिसला असेल. तीन गाड्यांना तोच मासा आहे.

साडेपाचला पोचलो. ती होती! म्हणाली, "अरे, आज तुमची गाडी लिस्टवरून काढली होती. बसा दादा, पाणी देते."

दादा म्हणण्याचं काही मनावर घ्यायचं नसतं. काउंटरवर सगळ्यांनाच म्हणावं लागतं. पण पाणी सगळ्यांना देत नाहीत. ग्लास काठोकाठ भरलेला होता. मी तो इतका सावकाश प्यालो की तिने विचारलं, "दात दुखतोय का?"

वाटेतच मामाचा निरोप आला होता की ते संध्याकाळचं बुकिंग रद्द झालं. माझं नशीब जोरावर आहे. घरी सांगितलं, पार्किंगमध्ये वाट बघत झोप लागली.

शुक्रवार, ७ मार्च

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लिहितोय.

सकाळी तात्यांनी नेहमीसारखे तिन्ही गाड्यांचे मॅट झटकले. माझा मॅट झटकताना म्हणाले, "वाळू निघाली रे." मी म्हटलं, "मंगळवारची असेल." त्यांनी वाळू बोटांत चोळली. "बुधवारी मीच झटकला होता," म्हणाले. मग यादीची घडी करून खिशात घातली आणि गेले. मी अर्ध्या तासाने निघालो, माझा पॅसेंजर साडेअकराचा होता.

पार्किंगच्या तिसऱ्या रांगेत माणसांचं कोंडाळं दिसलं. मला वाटलं कुणाला चक्कर आली. मधे तात्या पडले होते. पाच जणांनी मारलं. पहिला घाव चाकाच्या पान्याचा, डाव्या डोळ्यावर. मग जबडा. ते खाली पडल्यावर एकाने टाचेने उजव्या हाताची बोटं रगडली, सिगारेट विझवतात तशी. हे सगळं पार्किंगच्या पावत्या फाडणाऱ्याने सांगितलं. तो केबिनमधून बघत होता. "मी काय करणार, मला इथेच नोकरी करायचीये," असं तीनदा म्हणाला. मी त्याची कॉलर धरली आणि केबिनच्या काचेवर डोकं आपटलं. काच फुटली नाही याचंच वाईट वाटलं.

तात्यांच्या शर्टाच्या खिशात यादी तशीच होती. अर्धी लाल. हातात द्यायच्या आधीच मारलं त्यांना.

स्टँडवाल्यांनी मामाला निरोप पाठवला. 'काल तुमच्या गाडीने यादीबाहेरचा माणूस नेला. शब्द म्हाताऱ्याचा होता, म्हणून हिशेब म्हाताऱ्याशी.' तात्या पडण्याआधी त्यांना म्हणत होते म्हणे, "आमच्यातलं कोणी नाही नेलं. मी सांगतो ना."

मामा पायऱ्यांवर उभा राहून ओरडला, "निमित्त काढलं साल्यांनी! दोन वर्षं दात ओठ खात बसले होते!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू काल तिथेच होतास ना? दिसलं काही?"

"झोपलो होतो," मी म्हटलं.

शनिवार, ८ मार्च

डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, गाडी आता विसरा.

जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. उजव्या हाताला प्लास्टर. डाव्या हाताने पाटीवर लिहितात. आपलीच पाटी, नाव लिहायची. तात्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, गाडीतून आणून दिली. काकू मला म्हणाल्या, "तू आलास बरं झालं. सकाळपासून तुझीच वाट बघतायत. माझ्यासाठी दोन शब्द लिहिले, 'घरी जा'. चाळीस वर्षं बोलून जे जमलं नाही ते आता लिहून सांगतायत."

त्या चहा आणायला गेल्या. तात्यांनी वेडंवाकडं लिहिलं. 'गुरुवारी कुठे होतास?'

"पार्किंगमध्ये."

उरलेल्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. मग पुसलं, लिहिलं, 'बरं.' आणि माझ्या हातावर हात ठेवला.

सुटलो. त्यांना काही कळलेलं नाही. खाली उतरलो आणि कंपाउंडच्या भिंतीवर मूठ मारली, एकदा, दोनदा, चामडं सोललं तोपर्यंत. यांना मी सोडणार नाही. एकेकाला शोधून काढीन. तात्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

एका बाईला गावी नेलं म्हणून कुणी डोळा काढतं का? हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. एका बाईला. तिचे पाय सुजले होते.

सोमवार, १० मार्च

केलं.

हायवेच्या पंपावर लाल टोपीवाला दिसला. हवा भरत वाकला होता. माझ्या गाडीत पॅसेंजर होते, नवरा-बायको. "एक मिनिट हं," म्हणालो आणि डिकीतून पाना काढला. अगदी सभ्यपणे म्हणालो.

पहिला पाठीत. तो वळला, तोंडात "अरे कोण" एवढंच. दुसरा कोपरावर, कट्कन आवाज आला. तो खाली बसला आणि चांगला हात डोक्यावर धरला. मी त्या हातावर मारलं. "पान्याने मारतोस म्हाताऱ्याला? घे पाना! घे!" तो ओरडत होता, "मी नव्हतो! मी नव्हतो त्यात! मी फक्त सांगितलं!" मी थांबलो नाही. खरं लिहायचं तर मला मजा आली. पंपावरच्या दोघांनी मागून धरलं तेव्हा त्याचा एक दात माझ्या बुटाजवळ पडला होता.

गाडीत परत बसलो. नवरा-बायको चिडीचूप. तीन तासांत ते माझ्याशी बोलले नाहीत, मग नियमाप्रमाणे मीही बोललो नाही.

बाहीवर रक्त होतं. धुता आलं असतं. नाही धुतलं. वाटलं, तिने बघावं, विचारावं. कुणासाठी तरी जीव धोक्यात घालणारा माणूस आहे हे तिला कळावं.

तिने बघितलं. काउंटरच्या मागे दोन पावलं सरकली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." पॅसेंजरबाई तिच्या कानात काहीतरी सांगत होत्या. आतून मॅनेजर आला आणि मी निघेपर्यंत ती काउंटरबाहेर आलीच नाही. चारचौघांत बोलता येत नसेल. मुलींना लोकांची भीती असते.

बुधवार, १२ मार्च

लाल टोपीवाला हॉस्पिटलात आहे. तात्यांच्याच, एक मजला खाली. काकू म्हणाल्या, त्याची आई आणि त्या नळावर एकाच रांगेत उभ्या असतात. "ती मला बादली धरते, मी तिला. दोघी एकमेकींना काही विचारत नाही."

काल पुलावर मामाच्या गाडीवर दगड आला. पुढची काच फुटून मागच्या सीटवरच्या आजोबांच्या कपाळात शिरली. सात टाके. मामाने गाडी थांबवली नाही म्हणून वाचला, पुढे चौघं दांडके घेऊन उभे होते. आजोबा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले असतील? "मी आगाऊ बुकिंग केलं होतं." मामा सांगताना हसला आणि हसता हसता त्याने टेबल उलथं केलं. मामी फुटक्या बशा गोळा करत होती. मी मदत करायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे. तुम्हा लोकांना उचलता येत नाही, फक्त पाडता येतं."

आज गेस्ट हाऊसचा फोन. मामा ऐकत होता, "हो... हो... बरं, बघतो." ठेवल्यावर माझ्याकडे वळला. "काउंटरवरची मुलगी होती. म्हणते गाडी पाठवा पण तो ड्रायव्हर नको. काय केलंस रे तिथे?"

"काही नाही."

मॅनेजरने बळजबरीने बोलायला लावलं असणार. तिचा आवाज कसा होता ते मामाला विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर त्याने कानशिलात दिली असती.

शुक्रवार, १४ मार्च

आज ट्रिप नव्हती. माझी गाडी घेऊन मामाला न सांगता गेलो.

ती एकटीच होती. मी म्हटलं, "फोन तुम्हाला करायला लावला ना? खरं सांगा, मी कुणाला घाबरत नाही."

"कुणी नाही लावला. मीच केला."

"का?"

तिने रजिस्टर जवळ ओढलं. मी म्हटलं, "मग त्या दिवशी का विचारलंत, परत कधी येणार म्हणून?"

तिला आठवेचना. खरंच आठवेना, कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. मग रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. शेवटचा रकाना. 'गाडीची पुढील फेरी.' प्रत्येक ओळीत वार लिहिलेला. मामाच्या नावापुढे, तात्यांच्या नावापुढे, भाजीच्या टेम्पोवाल्यापुढे, लाँड्रीवाल्यापुढे. मंगळवारच्या ओळीत माझं नाव आणि पुढे 'गुरुवार', तिच्या अक्षरात. "सगळ्यांनाच विचारते हो दादा. खोल्या लावायला लागतं."

काउंटरच्या बाजूला किल्ल्यांची काचपेटी आहे. माझी मूठ तिच्यात होती हे मला काच पडल्यावर कळलं. किल्ल्या खाली सांडल्या. मनगटातून रक्त टेबलावर, रजिस्टरवर. ती किंचाळली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात डोक्यावर धरून. पंपावर लाल टोपीवाल्याने धरला होता तसे.

माझ्यापासून. डोकं माझ्यापासून वाचवत होती.

मी म्हटलं, "मी तुम्हाला कशाला मारेन?" मी परत म्हटलं. जितक्या वेळा म्हटलं तितकी ती खाली सरकत गेली. मग मी गेलो. घाटात गाडी बाजूला लावून ओकलो.

तिला भेटायचं म्हणून मी ते नाव पुसलं होतं. आणि तिला तर भाजीच्या टेम्पोइतकीच माझी वाट होती. यापुढे लिहवत नाही.

रविवार, १६ मार्च

सकाळी मामाच्या हॉलमध्ये बारा माणसं जमली. गॅरेजवाले, मामाचे जुने मित्र, एक जण तर मुलीला क्लासला सोडून तसाच आलेला. गज वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत भरले. चार वाजता स्टँडवर जायचं ठरलं. "बाकीच्यांचे हातपाय," मामा म्हणाला. "अध्यक्षाचा डोळा. डावा. आपण अन्याय करायचा नाही, डावाच." लोक हसले. गॅरेजवाल्याने विचारलं, "आणि चुकून उजवा गेला तर?" परत हसले. मला सगळ्यात पुढे ठेवायचं ठरलं. लाल टोपीवाल्याला ठोकल्यापासून मी हिरो होतो.

मी वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसलो. बोलायला एकच वाक्य होतं.

अकराच्या सुमाराला काकू आल्या. सरळ हॉस्पिटलमधून, चपला धुळीने माखलेल्या. हातात पाटी, फडक्यात गुंडाळलेली, पुसली जाऊ नये म्हणून. मामासमोर धरली. डाव्या हाताचं तेच वाकडं अक्षर. 'गुरुवारचा पॅसेंजर मी नेला. मोह झाला. स्टँडवाल्यांची चूक नाही. कोणी जाऊ नये.'

काकू भिंतीकडे बघत होत्या. माझ्याकडे एकदाही नाही.

मामाने पाटी दोनदा वाचली. "तात्या गुरुवारी दुपारी विमानतळावर होते खरे," तो हळूच म्हणाला. "रिकामेच आलो म्हणाले होते." मग खाली बसला. आजवर मी मामाला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "वहिनी, मी यांच्यासाठी माणसं मारायला निघालो होतो."

"म्हणूनच आले," काकू म्हणाल्या आणि वळून गेल्या. मामी मागून पाणी घेऊन धावली, त्या थांबल्या नाहीत.

मग तोंडं सुटली. "म्हातारा आतून असा होता होय!" "रोज यादी नेऊन द्यायचा, साधू बनून!" गॅरेजवाला म्हणाला, "चोराला डोळा एकच पुरे."

त्याच्यावर मी कसा पडलो ते आठवत नाही. पोटावर बसलो होतो आणि मारत होतो, नाकावर, तोंडावर, "परत म्हण! परत म्हण!" शुक्रवारी काचेने कापलेलं, टाके घातलेलं मनगट उसवलं, त्याचं रक्त की माझं काही कळेना. चौघांनी ओढून काढलं. मामा म्हणाला, "सोडा त्याला. पोराचा म्हाताऱ्यावर जीव आहे."

आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले! गॅरेजवाल्याने नाक धरून माझी माफी मागितली. माणसाला इतकं मारून मी एक वाक्य तोंडातून काढलं नाही, आणि हे मला चांगला म्हणत होते. हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

तात्यांनी शुक्रवारी सकाळीच मॅटमधली वाळू बघितली होती. माझ्या टाळक्यात आज शिरलं. वाळू बघून, सगळं कळून ते यादी खिशात घालून गेले आणि पाच जणांसमोर म्हणाले, आमच्यातलं कोणी नाही.

सोमवार, १७ मार्च

सकाळी चहाच्या वेळी मामाला सांगितलं. उभं राहून. पाटी पुसली ती, बाई, खांब, वाळू, मुलगी. मुलीचं सांगताना सगळ्यात जास्त लाज वाटली. एखादं मोठं कारण असतं तरी बरं होतं.

मामाने पट्टा काढला. पाठीवर, मानेवर, एक फटका कानावर. मी हात वर केले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मारलं आणि माझा हात शिवशिवला नाही. सहा-सात फटक्यांनंतर तोच दमला आणि पट्टा हातात घेऊन खुर्चीत बसला, जणू तो पट्टा कुणाचा हे त्याला आठवत नव्हतं.

पट्टा खाली टाकून म्हणाला, "कुणाला बोललास?"

"तुलाच."

"मग इथेच गाडून टाक. तात्यांनी अंगावर घेतलंय. स्टँडवालेही काल येऊन बोलून गेले, मिटलं म्हणाले. आजपासून आपल्या पाट्या उभ्या राहतील. तू आज तिथे जाऊन तोंड उघडलंस तर तो लाल टोपीवाल्याचा भाऊ तुला जिवंत सोडेल?"

"तात्यांना ते चोर म्हणतायत."

"म्हणू देत! त्यांना ऐकू येतंय का तिथे पडून?"

"काकूंना येतं. नळावर."

मामी दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, त्यांनीच तुला वाचवायला केलं ना हे? मग त्यांचं ऐक की. वाचलायस तर वाच."

मी काल रात्रभर हाच विचार केला. तात्यांचं ऐकायचं तर गप्प बसायचं. पण त्यांच्याकडे होतं काय? डोळा गेला, हात गेला, गाडी गेली. शब्द राहिला होता, तोही पाटीवर लिहून मला देऊन टाकला. तो मी ठेवून घेतला तर मी त्या पाच जणांपेक्षा जास्त नेलं.

स्टँडचा अध्यक्ष साडेदहाला येतो. आज आपली यादी मामा नेणार होता. ती मी घेतलीय, मामाने दिली. देताना माझ्याकडे बघितलं नाही, पण दिली. पाना घेतलेला नाही. गाडीही नाही, बसने जाणार, गाडी असली की पळून यायचा मोह होईल. तिथे सगळे जमल्यावर आधी यादी द्यायची, मग मोठ्याने सांगायचं, गुरुवारी कोण होता ते. लाल टोपीवाल्याच्या भावालाही, त्याचं हाड कुणी मोडलं ते. त्यांना माहीत आहेच, पण माझ्या तोंडून. त्यानंतर काय करतील ते त्यांचं. मी हात वर करणार नाही. निदान असं ठरवलंय. मला माझा भरवसा नाही.

भीती वाटते. लिहून ठेवतो, नंतर मी कुणाला उगीच काही सांगू नये म्हणून. सकाळपासून दोनदा संडासला जाऊन आलो.

मामी स्वयंपाकघरात भांडी घासतेय. घासलेलीच परत घासतेय. दार उघडं राहिलं तर ती जिन्यावरून हाक मारेल, आणि तिने हाक मारली तर मी वळेन. म्हणून वही इथेच ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.